पहिल्या पुठ्ठ्याचा मान

पोळ्यापासून आखाजीपर्यंतच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या, अधिक महिना धरून नऊ महिन्यांत पितांबरआबा आणि शालिग्राम हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. तरी त्या नऊ महिन्यांत त्यांचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या तीस वर्षांत झालं नसेल.

भांडण पोळ्याचंच होतं. शालिग्रामनं घेतलेलं पुठ्ठे करायचं यंत्र मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जळगाव स्टेशनात उतरलं ते नेमकं पोळ्याच्या सकाळी. रेल्वेवाले म्हणाले, आजच्या आज उचला. शालिग्रामनं घरचे आणि उसने मिळून चौदा बैल जुंपले. वर्षातून ज्या एका दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं, त्या दिवशी ते चौदा जण शिंगांना बेगड आणि गळ्यात माळा अशा थाटात लोखंड ओढत मेहरूणच्या मळ्यात आले. आबा त्यांना चारायची पुरणपोळी हातात घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी गाड्या पाहिल्या, पोळी परत घरात नेली, स्वतःच खाल्ली, आणि धाकट्या भावाशी बोलणं बंद केलं.

दिवाळीपर्यंत दोघं बैलांमार्फत बोलत. आबा ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "ढवळ्या, त्याले सांग, विहिरीचा दोर कुजला." शालिग्राम दोन हात अंतरावर उभा राहून ऐके आणि पवळ्याला उत्तर देई. बैल दोन्हीकडचं ऐकून घेत आणि त्यात आपल्या पदरचं काही घालत नसत. ती सोय दिवाळीला बंद पडली, कारण आबांचे जावई दिवाळसणाला आले आणि राहिले.

उखर्डू हा जावई मोठा गोड माणूस. घरात सगळ्यांत जास्त मान त्याचा, त्यामुळे त्याच्या तोंडून आलेल्या शब्दावर कुणालाच चिडता येईना. म्हणून निरोपाचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. आबा म्हणाले, "जावईबुवा, त्याले सांगा, पट्टा ढिला पडला," की उखर्डू पान लावी, ते तोंडात ठेवी, धोतराचा सोगा सावरी आणि तीन पावलांवर जाऊन म्हणे, "मामंजींचं म्हणणं असं, की तुमच्या मनाला पटत असेल आणि सवड असेल, तर पट्ट्याकडे एक नजर टाकावी. पट्टा वाईट आहे असं त्यांचं मुळीच म्हणणं नाही." शालिग्राम ऐकलेलं पुन्हा ऐके, कारण जावयाला अर्ध्यावर तोडायचं नसतं.

अशा रीतीनं नऊ महिन्यांत यंत्र उभं राहिलं. दोन महिन्यांत राहिलं असतं.

दोघा भावांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे वच्छला.

वच्छला त्यांची मधली बहीण, वय चाळीस, बारा वर्षांपूर्वी कपाळ पुसून माहेरी आलेली. तेव्हा पुठ्ठ्याचा धंदा म्हणजे आबांचा एक नाद होता. गव्हाचं काड चुन्याच्या पाण्यात शिजवायचं, दगडी चाकाखाली रगडून लगदा करायचा, जाळीची चौकट त्यात बुडवून वर काढायची, फडक्यावर पालथी घालायची, दगडाखाली दाबायची आणि उन्हात टाकायची. आबांचे पुठ्ठे वाळल्यावर पापडासारखे वळत आणि कोपऱ्यात फुटत. वच्छला पहिल्या वर्षी नुसती बघत होती. दुसऱ्या वर्षी तिनं हौदात हात घातला, लगदा बोटांवरून ओघळू दिला आणि सांगितलं, अजून अर्धा दिवस रगडा. तेव्हापासून पुठ्ठा फुटला नाही. मळ्यामागचं माळरान तिच्या ताब्यात आलं. तिथं तीस बाया सकाळी ओले पुठ्ठे पसरत, दुपारी उलटवत, आणि आभाळ भरून आलं की पदर खोचून पळत. चांगलं ऊन असलं तर दिवसाला चारशे पुठ्ठे. जळगावच्या सोनारांच्या डब्यांपासून उपरण्यांच्या खोक्यांपर्यंत सगळं त्या माळावरून जाई.

यंत्राला ऊन लागत नव्हतं. त्याच्या शेवटी वाफेनं तापणारे दोन लोखंडी ढोल होते. इकडून लगदा गेला की तिकडून वाळलेला पुठ्ठा, आणि दिवसाचं काम तासात. शालिग्रामनं जावयामार्फत कळवलं की यंत्र लागलं की माळाचं काम संपलं, मग अक्काला इथं ठेवून काय करायचं. आबांनी उलट कळवलं की तेच माझ्या मनात होतं. उखर्डूनं या निरोपात काहीच भर घातली नाही. घालण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात धुळ्याकडून तिच्या दिराचा, झिपरूचा, माणूस आला. बारा वर्षांत ज्यांनी एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं त्यांना वहिनीची आठवण झाली होती, कारण सासू अंथरुणाला खिळली होती आणि झिपरूची बायको म्हणत होती, माझ्याच्यानं होत नही. आखाजीला सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं, नाहीतर तो गाठोडं बांधून दुसऱ्या मळ्यात जातो. वच्छलेचंही आखाजीलाच ठरलं. यंत्राचा मुहूर्त आखाजीचा. ते चाललं की दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वच्छला धुळ्याला.

तिला कुणी विचारलं नाही. विचारायला मध्ये कुणी जावई नव्हता.

आखाजीच्या दिवशी फटफटताना वच्छला हौदाशी वाकून लगदा ढवळत होती. मागून लताबाई आली. ही आबांची बायको, घरातली थोरली. धाकटी जाऊ बेबाबाई बाळंतपणाला माहेरी गेल्यामुळे तिला महिनाभर टोमणे मारायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्यानं ती जरा उतरली होती.

लताबाईनं इकडंतिकडं पाहिलं. आज धुळ्याचे मोतीलालशेठ यायचे होते. त्यांचा टोप्यांचा कारखाना. दरमहा पाचशे डझन टोप्या, आणि प्रत्येक टोपीला एक खोकं. त्यांना पुठ्ठा पसंत पडला तर शालिग्रामची मान वर जाणार आणि पोळ्याचे बैल खरे ठरणार, हे लताबाईला झोपेतही टोचत होतं. तिनं हौदाच्या कडेवर चुन्याचं घमेलं ठेवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "दोन मुठी जास्त पडला तर काय व्हतं?"

"पुठ्ठा ठिसूळ व्हतो. मोडला की कडाक्कन तुटतो."

"हं," लताबाई म्हणाली. "मंग यंत्र वाईट म्हणतीन लोकं. भंगारात जाईन. माळ राहीन, तुमी बी राहसान." आणि घमेलं तिथंच ठेवून ती पुरणपोळ्यांचं खापर तापवायला गेली.

वच्छलेनं घमेल्याकडं पाहिलं. दोन मुठी. तिच्या हातानं जायच्या होत्या आणि कुणाला कळलंही नसतं. सासूचं अंथरूण तिच्या डोळ्यांपुढं आलं, ती अंधारी खोली, झिपरूच्या बायकोचा आवाज. तिनं मूठ भरली. मग दुसऱ्या हातानं लगदा उचलून पाहिला. तीन दिवस रगडलेला, सायीसारखा, बोटांवरून सलग उतरणारा. असा लगदा तिच्याकडून बारा वर्षांत झाला नव्हता. त्यात चुना टाकणं म्हणजे शिजलेल्या पुरणात माती टाकणं. तिनं मूठ परत घमेल्यात सोडली, आणि स्वतःच्याच मूर्खपणाचा राग येऊन लगदा जरा जास्त जोरात ढवळला.

दहाच्या सुमाराला मोतीलालशेठ टांग्यातून उतरले. डोक्यावर स्वतःची काळी टोपी, हातात स्वतःचं खोकं, आणि खिशात घड्याळ. परतीची गाडी चारची होती हे त्यांनी नमस्काराच्या आधी सांगितलं.

यंत्राला आंब्याची पानं, झेंडूच्या माळा आणि हळदीकुंकवाचे इतके टिळे लागले होते की ते गोवर आल्यासारखं दिसत होतं. समोर पूजा. पूजेच्या जागी विधवेची सावली नको, आणि लगद्यात हात घालायला तर तीच हवी, असा पेच सकाळी पडला होता. त्यावर उखर्डूच्या हुशारीनं तोड निघाली: हौदाभोवती गोणपाटाचा पडदा. पडद्यामागून वच्छलेचे हात यंत्र चालवणार होते आणि पडद्यापुढं देवाला काहीच दिसणार नव्हतं.

यंत्र बसवणारा फिटर हिलाल धुळ्याकडचा. त्यानं शेठना यंत्र समजावून दिलं. हौदात जाळीचा ढोल फिरतो, त्यावर लगद्याची पातळ साय चढते. ती साय लोकरी पट्टा उचलून नेतो आणि पुढच्या जाड लोखंडी लाटण्यावर गुंडाळतो. एक फेरा, दुसरा फेरा, थरावर थर. हव्या तेवढ्या जाडीचं झालं की घंटी वाजते. त्या क्षणी लाटण्याच्या लांबीभर जी खाच आहे तिच्यातून सुरी फिरवायची. गुंडाळी उलगडून खाली पडते, तोच एक पुठ्ठा. लगेच पुढचा सुरू. तुमच्या टोपीच्या खोक्याला दहा थर.

लोकरी पट्ट्याच्या जागी आधी महिनाभर काय होतं, ते हिलालनं सांगितलं नाही. आबांच्या आग्रहानं तिथं घरची घोंगडी शिवून लावली होती आणि चाचणीत निघालेल्या, मुहूर्ताआधीच्या म्हणून न मोजलेल्या, प्रत्येक पुठ्ठ्याला काळ्या मिशा आल्या होत्या.

शेठनी एकच प्रश्न विचारला. घंटी वाजली आणि कापलं नाही तर?

"ते मशीन शे, शेठ," हिलाल म्हणाला. "ते थांबत नई. गुंडाळत जास."

इंजिन फटफट करायला लागलं. आबांनी नारळ फोडला. पट्टा सरकला, साय चढली, लाटणं फिरायला लागलं, दोन सेकंदांत एक फेरा. पाटावरच्या ताटात कुंकू लावलेली सुरी ठेवली होती. दहावा फेरा झाला आणि घंटी वाजली.

आणि मग आबांच्या लक्षात आलं की पहिला पुठ्ठा कुणी कापायचा हे ठरलेलंच नाही.

तशी त्यांच्या मनात शंका नव्हती. घरात लग्न असो, खळं असो, पहिला हात थोरल्याचा. पण मागून घ्यायचा तो मान कसला. धाकट्यानं ताट पुढं करावं, म्हणावं, आबा, तुमी. मग आबांनी एकदा नको म्हणावं, मग घ्यावं. हे सगळं बोलल्याशिवाय व्हायचं नव्हतं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "जावईबुवा, त्याले विचारा, कोन कापतं."

यंत्राचे चार फेरे.

उखर्डू पान चावत होता. त्यानं पिचकारी टाकायला जागा शोधली, पूजेपासून लांब जाऊन टाकली, सोगा सावरून शालिग्रामपाशी गेला. म्हणाला की मामंजींच्या मनात काही नाही, पण आजच्या या मंगल प्रसंगी, आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, सुरीला हात कुणाचा लागावा याबद्दल आपलं मत काय. इथपर्यंत यंत्राचे वीस फेरे झाले होते.

शालिग्रामच्या मनात वेगळंच होतं. यंत्र त्यानं आणलं, नऊ महिने शिव्या त्यानं खाल्ल्या, बैलांच्या नजरा त्यानं झेलल्या. आबांनी स्वतःहून म्हणावं, काप, लेका. एवढ्या एका शब्दासाठी तो थांबला होता. पण तो शब्द न येता प्रश्न आला, तोही वीस फेऱ्यांनंतर. त्यानं तोंड फुगवून सांगितलं, "त्याहिले सांगा, मोठे ते हायेत. त्याहिनंच ठरवावं."

हिलाल मध्येच म्हणाला, "आबा, घंटी कव्हयची वाजनी. मी कापू का?" आणि ताटाकडं हात नेला. दोन्ही भावांनी एकदम त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचा हात हवेतच राहिला. मान घरातला, तो फिटरच्या हातून जायचा? नऊ महिन्यांत हे दुसरं एकमत.

उखर्डू परत निघाला. आठ पावलं. त्यानं आबांना सांगितलं की भाऊसाहेब आपल्या शब्दाबाहेर नाहीत, आपण वडीलधारे, आपण ठरवाल ती पूर्व दिशा. आबांना हे आवडलं. त्यांनी रिवाजाप्रमाणे एकदा नको म्हटलं. "त्याले म्हना, मशीन त्यानं आनली, त्यानं कापावं." हा नुसता शिष्टाचार होता. शालिग्रामनं यावर नाही म्हणायचं होतं. पण उखर्डू तिकडं पोचेपर्यंत साठ फेरे झाले होते आणि लाटणं बाळंतिणीच्या उशीएवढं फुगलं होतं. शालिग्रामला तो शब्द मिळाला, पण आता कापायला गेलं तर सुरी खाचेपर्यंत आत जाईना.

आबांचा धीर सुटला. ते आयुष्यात प्रथमच जावयाला म्हणाले, "जावईबुवा, जरा पाय उचला."

उखर्डू जागच्या जागी थांबला. यंत्र थांबलं नाही. नव्वद फेरे, शंभर फेरे. वरचा दाबाचा रूळ उचलला गेला, माळा तुटल्या, झेंडूची फुलं लगद्याबरोबर गुंडाळली जाऊ लागली, एक आंब्याचं पान आत गेलं, मग आबांच्या उपरण्याचं टोक. आबा उपरणं सोडेनात, कारण तेही मानाचंच होतं. शेवटी हिलालनं कुणाला न विचारता इंजिनचा पट्टा पाडला. आबा, उपरणं आणि यंत्र एकदम थांबले.

लाटण्यावर चार बोटं जाडीचा गोल ओंडका बसला होता. त्यात जागोजागी पिवळी फुलं.

सुताराची करवत आणून तो फाडायला पाऊण तास लागला. मोतीलालशेठनी तेवढ्यात दोन कप चहा घेतला, दुसरा त्या ओंडक्याच्या अर्ध्या तुकड्यावर बसून. "आबा," ते म्हणाले, "टोपीला हे जरा जड होईल. तिजोरी करत असाल तर सांगा." मग बसल्या बसल्या त्यांनी खालच्या तुकड्याची कड नखानं उचकटायचा प्रयत्न केला. उचकटेना. थर एकजीव झाले होते. शेठनी खिशातला चाकू काढून एक पातळ पट्टी कापली, दुमडली, उलटी दुमडली. ती तुटली नाही. त्यांनी ती खिशात ठेवली आणि घड्याळ पाहिलं. "अजून एकदा चालवा. तीनपर्यंत आहे मी."

इकडं उखर्डू नव्हता. त्याला पाय उचलायला सांगितलं होतं, म्हणून त्यानं ते उचलले होते, आणि बैलगाडीत ठेवून आपल्या गावाच्या वाटेला लागला होता. लताबाई रडकुंडीला येऊन मागं धावली. आखाजीच्या दिवशी जावई रुसून उपाशी गेला, याच्यापुढं यंत्र काय चीज होतं. सकाळी घमेलं ठेवल्याचंही ती विसरून गेली.

दुसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. आता पूजा नव्हती, माळा नव्हत्या, पण सुरी होती, ताट होतं, आणि निरोप्या नव्हता. आबा ताटाच्या उजव्या हाताला, शालिग्राम डाव्या हाताला. मघाशी दोघांना मान हवा होता. आता कापणाऱ्याच्या हातून काही बिघडलं तर ते त्याच्या नावावर कायमचं लागणार, म्हणून तो मान दुसऱ्याला द्यायची दोघांनाही फार उत्सुकता होती. पण द्यायचा कुणामार्फत? आबांनी बैल दिसतात का म्हणून दाराकडं पाहिलं. बैल उखर्डूबरोबर गेले होते.

घंटी वाजली.

आबा छपराकडं बघत राहिले. शालिग्राम स्वतःच्या पायाकडं. हिलालनं हात मागं बांधून घेतले, त्याला मघाची नजर आठवत होती. लाटणं अकरावा फेरा घेऊन बाराव्याला लागलं.

पडद्यामागं वच्छला तो आवाज ऐकत होती. घंटी ऐकली, मग सुरीचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. तिच्या लगद्याचा तेरावा थर वाया चालला होता. तिच्या मनात त्या क्षणी सासू नव्हती, धुळं नव्हतं, भाऊही नव्हते. उकळतं दूध उतू जाताना बाई जशी उठते तशी ती उठली. गोणपाट बाजूला सारून, कोपरापर्यंत लगद्यानं माखलेल्या हातांनी ती दोघा भावांच्या मधून पुढं आली, ताटातली सुरी उचलली आणि खाचेतून एका दमात इकडून तिकडं ओढली.

पुठ्ठा उलगडून खाली उतरला. ओला, सपाट, कडेला सरळ.

 पूजेच्या जागी विधवा, तिच्या हातात कुंकवाची सुरी, आणि थोरल्याच्या आधी तिचा हात. यातल्या नेमक्या कशावर ओरडायचं हे आबांना ठरवता येईना. ते ठरवत असतानाच पुन्हा घंटी वाजली आणि तिनं पुन्हा कापलं. मग पुन्हा. तिला मान नव्हता, त्यामुळे तिला कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाच्या नको-नकोची वाट बघायची नव्हती. घंटी आणि सुरी यांच्यामध्ये कुणीच नव्हतं. हिलाल ओले पुठ्ठे उचलून वाफेच्या ढोलावर चढवू लागला. तो न राहवून म्हणाला, "आते समदं बरोबर शे, अक्का."

तीन वाजेपर्यंत दोनशे दहा पुठ्ठे निघाले.

शेठनी दहा-बारा पुठ्ठे मधूनमधून उपसून पाहिले. घडी घातली, कड पाहिली, स्वतःच्या टोपीभोवती गुंडाळून पाहिलं. मग म्हणाले, "दरमहा पाचशे डझन खोक्यांचा माल. यात फरक पडला तर मात्र परत पाठवीन." शालिग्रामच्या चेहऱ्यावर नऊ महिन्यांचं हसू आलं. आबांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

"ह्या बाई कोण?" शेठनी विचारलं.

"बहीन आमची," आबा म्हणाले. "उद्या सासरी जाते."

शेठनी एकदा आबांकडं पाहिलं, एकदा शालिग्रामकडं, आणि मध्ये मोकळ्या पडलेल्या जावयाच्या जागेकडं. धुळ्याला भावाभावांच्या पेढ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

"मग परवा घंटी वाजेल तेव्हा कापणार कोण?"

  बाहेर टांगेवाल्यानं घोड्याला हाक दिली. शेठ जायला निघाले, आणि जाता जाता त्यांनी टोपी काढून वच्छलेला नमस्कार केला. तिनं हात पुसत पुसत मान हलवली.

आबांनी पुढचं हवेत सांगितलं, म्हणजे कुणालाच नाही: "सध्या ऱ्हाऊ द्या. झिपरूले कयवू, इथं काम हाय." शालिग्रामही हवेतच म्हणाला, व्हय. वच्छलेनं दोन्ही ऐकलं. सध्या, असं आबा म्हणाले होते. हात धुताना ती त्या शब्दाचा विचार करत राहिली. सध्या म्हणजे कधीपर्यंत, याचं उत्तर मोतीलालशेठच देऊन गेले होते. हे दोघं बोलत नाहीत तोवर.

दिवस कलला तशी घरात खापरावरच्या पुरणपोळीचा आणि आमरसाचा वास भरला. घराला समोरासमोर दोन ओटे होते, मध्ये अकरा पावलांचं अंगण. पोळ्यापासून आबांचं ताट एका ओट्यावर आणि शालिग्रामचं दुसऱ्यावर लागत असे. आज आबा ओट्यावर बसून बराच वेळ समोरच्या ओट्याकडं पाहत होते. समोर शालिग्राम गुडघे उराशी घेऊन बसला होता, लहानपणी आंब्यावरून पडून आला होता तेव्हा बसला होता तसा. आबा उठायला लागले. पण नऊ महिन्यांचा अबोला थोरल्यानं असा पायानं चालत जाऊन मोडायचा नसतो, आणि जावई तर नव्हते.

"वच्छला," त्यांनी हाक मारली. "त्याले सांग." मग आवाज खाली आणला. "त्याले सांग, आज ताट इकडंच लावू म्हना. माझ्याशेजारी."

वच्छला अंगणात उतरली.

पहिल्या तीन पावलांत तिला बरं वाटलं. आबांच्या तोंडून असं काही निघेल हे तिला खरं वाटलं नव्हतं. चौथ्या पावलाला तिला दिसलं की शालिग्राम उठून बसला आहे, त्यानं काहीतरी ओळखलं आहे, डोळे लहान मुलासारखे झाले आहेत. तो येईल. दोघं शेजारी बसतील, एकमेकांच्या ताटात रस ओततील. सकाळी आबा म्हणतील, लेका, तू काप. तो म्हणेल, नही आबा, तुमी. आणि दुपारी जेवताजेवता दोघांच्या एकदमच लक्षात येईल की आता अक्काची तशी गरज नाही.

सहावं, सातवं पाऊल. सासूची खोली. झिपरूची बायको.

उखर्डूचा तिला नेहमी राग यायचा. निरोप म्हणजे काय पीठ आहे का, त्यात पाणी घालायला, असं ती म्हणायची. अकराव्या पावलावर ती शालिग्रामसमोर उभी राहिली आणि पदर सारखा केला.

"काय म्हनतात?" शालिग्रामनं विचारलं.

"ताटाचं विचारतात," वच्छला म्हणाली. "तुझं इकडंच लावू ना, रोजच्यासारखं?"

 शालिग्रामचे डोळे पुन्हा मोठ्या माणसाचे झाले आणि तो भिंतीला टेकला. "लाव म्हना इकडंच," तो म्हणाला. "त्याहिले काय फरक पडतो."

ती परत गेली. आबांना सांगितलं, तो म्हणतो तिकडंच बरं हाय. आबांनी मान हलवली, एकदाच, आणि उपरण्याचं फाटलेलं टोक बोटाभोवती गुंडाळत बसले.

तिनं दोन ओट्यांवर दोन ताटं लावली. पोळी दोघांनाही खापरावरून उतरलेली गरम वाढली, रसाची वाटी काठोकाठ भरली. तूप वाढताना तिनं दोघांच्याही पोळीवर ते रोजच्यापेक्षा एक पळी जास्तच सोडलं.